मुक्कामी गाडी आणि देवलाचा हुंकारा

बेलतांड्यात धरमसिंग गोष्ट सांगायला बसला की तांड्यातली कुत्रीसुद्धा आपली भांडणं आवरती घेतात, असं त्याची बायको गोमतीबाई सांगे. हे ती कौतुकानं सांगत नसे. गोष्ट सुरू झाली की भाकरी गार होई, म्हैस धारेची वेळ टळली म्हणून हंबरत राही, आणि कडुनिंबाखालच्या कट्ट्यावरून धरमसिंगाला उठवायची कोणाची छाती होत नसे.

गोष्टीला शेवट नसतो, हा तिचा दुसरा आक्षेप. तोही खरा होता. मानोऱ्याच्या आसपासच्या तांड्यांवर गोष्ट सांगणारे पुष्कळ, पण संपवणारा धरमसिंगानं पाहिला नव्हता. ऐकणाऱ्यांना झोप लागली की गोष्ट थांबायची. राजपुत्र जिथं असेल तिथं त्याला सोडून धरमसिंग घरी जायचा. असा एक राजपुत्र गेल्या दिवाळीपासून विहिरीत वडाच्या पारंबीला लोंबकळत होता. कट्ट्यावर दुसऱ्याच गोष्टी निघाल्या आणि त्याला वर काढायला वेळच मिळाला नाही.

गोष्ट चालायची ती हुंकाऱ्यावर. सांगणाऱ्यानं एक वाक्य बोलायचं, ऐकणाऱ्यांतल्या एकानं 'हूं' म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. हूं आलं नाही तर सांगणाऱ्यानं जागच्या जागी थांबायचं, हा रिवाज. धरमसिंगाचा हुंकारी देवला. दोघं एका वयाचे, एकाच आंब्यावरून पडलेले, आणि जवानीपासून एकानं सांगायचं, दुसऱ्यानं हूं म्हणायचं असं चाललेलं. देवलाचा हूं साधा नव्हता. भीतीच्या जागी तो आखूड असे, लग्नाच्या जागी लांब, आणि राजा मूर्खपणा करू लागला की नाकातून येई. देवलाला झोप लागली तरी हूं थांबत नसे. त्याची सून म्हणे की तो घोरतो, पण घोरणं कधी वाक्याच्या नेमक्या शेवटी येत नाही, हे धरमसिंगाला ठाऊक होतं.

धरमसिंगाची नात मंजू दहावी पास झाली आणि मानोऱ्याच्या कॉलेजात अकरावीला तिचं नाव लागलं, तिथून पुढचं सगळं घडलं. मंजूचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात, ते उन्हाळ्यातच परत येत. ती लहानाची मोठी झाली आजीआज्याच्या हाताखाली. आता कॉलेज सकाळी भरे आणि फाट्यावर पहिली गाडी येई तेव्हा दुसरा तास संपत आलेला असे. उपाय एकच होता. संध्याकाळी तांड्यात येऊन रात्रभर तिथंच थांबणारी आणि पहाटे तिथूनच सुटणारी मुक्कामी गाडी. ती मिळाली नाही तर मंजूनं अकोल्याला आत्याकडे राहायचं असं ठरलं होतं. आत्याकडे एक खोली, चार पोरं आणि कधीही बंद न होणारा टीव्ही होता.

गोमतीबाईनं एकदाच सांगितलं, "पोरगी अकोल्याले गेली त घरात तुमची गोष्ट आयकाले म्हैस राह्यते."

धरमसिंगाला ते लागलं.

गाडी एक होती आणि मागणारी गावं दोन. बेलतांडा आणि त्याच रस्त्यावरचं धामणखेड. दोघांनीही अर्ज केले होते. पण वाशीमच्या एसटी कचेरीत नव्या आलेल्या सबिहा मॅडमनी अर्ज परत पाठवले. अर्जात सगळी गावं सारखीच दिसतात, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक गावानं एक माणूस पाठवावा, त्यानं वाशीमला येऊन दहा मिनिटं बोलावं, मग आम्ही प्रश्न विचारू.

नायक गोविंदसिंगानं तांड्याची बैठक बोलावली. पहिली पाळी मंजूची झाली, कारण गाडी तिलाच हवी होती आणि संवादकौशल्याचा धडाही तिच्याच पुस्तकात होता. ती उभी राहिली आणि बोलली. नायकानं चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत ती बसलीसुद्धा. बोलणं मुद्देसूद होतं, पण ज्यात पाणी पिऊन यायला सवड नाही ते भाषण कसलं, असं बैठकीचं मत पडलं. सगळ्यांची मान आपोआप धरमसिंगाकडे वळली. त्याच्या बोलण्यात एवढी सवड असे की माणूस बाजार करून परत येई.

धरमसिंगानं होकार दिला, पण मंजूनं अट घातली की तालीम तिच्या हाताखाली होईल.

तालीम अंगणात सुरू झाली. पहिला धडा, मुद्दा सुरुवातीलाच सांगायचा. धरमसिंगाला ते असभ्य वाटलं.

"पाव्हना दारात आला त तू त्याले तथीच इचारतं काय, कायले आला म्हून?"

दुसरा धडा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून बोलायचं. धरमसिंगानं त्यासाठी गोमतीबाईला समोर बसवलं आणि तिच्या डोळ्यांत असं टक लावून पाहिलं की तिनं पदर सावरला, हातातला लसूण खाली ठेवला आणि माह्या डोळ्यात तुमचं काय हरपलं, असं विचारलं. तिसऱ्या धड्यात मंजूनं त्याची काठी काढून घेतली. गोष्टीत घोडा आला की ती काठी उधळत असे. नायकाचा आधीचा चष्मा त्याच घोड्यानं फोडला होता.

चौथा धडा शेवटाचा. त्यावर दोघांचं सगळ्यात जास्त वाजलं.

"आपला मुद्दा पुन्हा एकडाव सांगाचा आबा, धन्यवाद म्हनाचं आन थांबाचं."

"मंग?"

"मंग काई नाई."

"म्हंजे इहिरीतच सोडाचं?"

"सोडाचं नाई. बाहेर काढाचं आन मंग थांबाचं."

धरमसिंगानं यावर दोन दिवस विचार केला. थांबायला काही लागत नाही हे त्याला मान्य होतं. बाहेर काढून थांबायचं, हे मात्र त्यानं जन्मात केलं नव्हतं.

पाचवा धडा प्रश्नांचा. प्रश्न आला की आधी तो आपण मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे सगळ्यांना ऐकू जातो आणि आपल्याला विचार करायला वेळ मिळतो, असं मंजू म्हणाली. उत्तर येत नसेल तर माहीत नाही म्हणून मोकळं व्हायचं. धरमसिंग नाराज झाला. राजाच्या घोड्याचा रंग कोणी विचारला आणि सांगणारा माहीत नाही म्हणाला, तर त्याच्या कट्ट्यावर पुन्हा कोण बसेल?

पण खरी अडचण निराळीच होती. वाशीमच्या हॉलमध्ये हूं कोण म्हणणार? मंजूनं सांगितलं की तिथं कोणी काही म्हणत नाही, लोक गप्प बसून ऐकतात. धरमसिंगानं तसं बोलून पाहिलं. पहिलं वाक्य बोलला आणि थांबला. मंजू गप्प. तो थांबलेलाच. हूं नसताना पुढं जायचं म्हणजे घरात कोणी नाही हे माहीत असून आत शिरण्यासारखं, असं तो म्हणाला. सवय व्हावी म्हणून मंजूनं त्याला म्हशीसमोर उभं केलं. दोन दिवसांत तो म्हशीच्या कान हलवण्यावर पुढं सरकायला शिकला. म्हैस ही काही उपाययोजना नव्हे हे तिसऱ्या दिवशी मंजूलाही पटलं आणि तिनं देवलाला सोबत न्यायचं कबूल केलं.

तिनं देवलालाही बजावलं. मागच्या खुर्चीवर बसायचं, हूं हळू म्हणायचं, प्रश्न सुरू झाले की बिलकुल गप्प राहायचं. दुसऱ्याच्या बोलण्याला हूं म्हणू नको, हे मात्र तिनं सांगितलं नाही. श्वास घेऊ नको असं कोणाला सांगायचं सुचत नाही, तसंच ते.

ठरल्या दिवशी धरमसिंग, देवला आणि मंजू फाट्यापर्यंत चालत आले, मंगरूळपीरला गाडी बदलली आणि वाशीमला पोचले. हॉलमध्ये टेबलामागे दोन माणसं होती. सबिहा मॅडम चाळिशीच्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या. शेजारी माणिकराव, सगळी नोकरी बस चालवण्यात गेलेले आणि निवृत्तीनंतर सल्ल्यासाठी बोलावलेले. त्यांनी एक काम आधीच करून ठेवलं होतं. जुन्या गाडीतली घंटी दोरीसकट आणून टेबलाच्या पायाला बांधली होती आणि दोरीचं टोक मॅडमच्या हातात दिलं होतं.

"दोन घंट्या म्हणजे चला," माणिकरावांनी सगळ्यांना सांगितलं. "एक घंटी म्हणजे थांबा. गाडीतलाच नियम."

पहिला नंबर धामणखेडचा. त्यांच्याकडून नवीन नावाचे शिक्षक आले होते, सगळे त्यांना नवीन सर म्हणत. लॅपटॉप, भिंतीवर चित्रं, इस्त्रीचा शर्ट, आणि हातातला कागद वाऱ्यावर धरल्यासारखा हलत होता. टिंग टिंग झालं. सरांनी धामणखेडची लोकसंख्या सांगितली आणि घाम पुसला.

मागून आवाज आला, "हूं."

सरांनी वर पाहिलं. मागच्या रांगेतला पागोटेवाला म्हातारा त्यांच्याकडे असा पाहत होता की या लोकसंख्येचं पुढं काय झालं, ही चिंता त्याला जाळत असावी. सरांनी शाळेची पटसंख्या सांगितली. पुन्हा हूं आला, जरा लांब. सरांचा कागद हलायचा थांबला. मग त्यांनी तो टेबलावर ठेवून दिला.

पुढं जे झालं ते धरमसिंगाला पाहवलं नाही. नवीन सर खुलले. पटसंख्येवरून ते आपल्या नेमणुकीवर आले, नेमणुकीवरून पहिल्या दिवशी फाट्यापासून बूट हातात घेऊन केलेल्या पायपिटीवर, तिथून बायकोच्या तक्रारींवर. बायकोनं धामणखेडला यायला साफ नकार दिला होता. देवलानं इथं नाकातून हूं दिला. सरांना भरून आलं आणि ते सासूवर आले. भिंतीवर मात्र गावच्या पाण्याच्या टाकीचं चित्र तसंच होतं.

मॅडमनी एक घंटी दिली. टिंग.

"हूं," देवला म्हणाला, आणि सर मेव्हण्यावर आले.

धरमसिंगानं देवलाला कोपर मारलं. देवलाला वाटलं, आवाज कमी पडतोय. त्यानं लग्नाच्या जागी द्यायचा तो लांब हूं दिला. पुन्हा टिंग. शेवटी माणिकराव उठले आणि त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. भिंत पांढरी झाली तेव्हा सर भानावर आले.

"गाडीचं राहिलंच," ते म्हणाले.

प्रश्नांची वेळ केव्हाच सरली होती. पण सर काही रागावले नाहीत. मागे येऊन त्यांनी देवलाचे दोन्ही हात धरले. आपलं बोलणं इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलं नव्हतं, घरी तर नाहीच, असं सांगून ते शेजारच्या खुर्चीत टेकले.

मंजू तोंडाला ओढणी लावून खांदे हलवत होती. धरमसिंगाला हसू येत नव्हतं. धामणखेडची गाडी हुकली याचा आनंद व्हायला हवा होता, हे त्याला कळत होतं. पण त्याचा हुंकारी भरसभेत दुसऱ्याला हुंकारा देऊन आला होता. नाकातला सुद्धा.

"तू त्याले हूं काहून देल्लं बे?"

"थो बोलून राह्यला होता," देवला म्हणाला. "त्याले काय उघड्यावर सोडू?"

"आता माह्या वक्ताले तोंड बंद ठेव. मले तुही गरज नाई."

देवलानं त्याच्याकडे नीट पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तोंडावर घट्ट धरला. मंजूचं हसणं थांबलं. तिनं आज्याची बाही ओढली, पण तेवढ्यात टिंग टिंग झालं.

धरमसिंग पुढं गेला. समोर काठी नव्हती, कट्टा नव्हता, म्हैसही नव्हती. मुद्दा आधी सांगायचा हे त्याच्या डोक्यात होतं, पण तोंडाला गोष्टीची सवय होती.

"एक होता तांडा," तो म्हणाला.

आणि थांबला.

वरचा पंखा कुरकुरत फिरत होता. मॅडम त्याच्याकडे पाहत होत्या. मंजूनं डोळे मिटून घेतले. देवला दुपट्ट्याआड बसलेला, त्याचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते हॉलभर फिरत होते, पण धरमसिंगाकडे वळत नव्हते. धरमसिंगानं पंख्याकडे पाहिलं. पंख्यानं त्याला म्हशीइतकीही साथ दिली नाही. आपण एक शब्द बोललो की देवला दुपट्टा काढेल, हे त्याला ठाऊक होतं. तो शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. मंजूचं बोचकं आत्याच्या घराच्या दारात ठेवलेलं त्याला स्पष्ट दिसू लागलं. आतला टीव्हीसुद्धा ऐकू येऊ लागला.

"हूं," कोणीतरी म्हणालं.

टेबलामागून आला होता तो हूं. माणिकराव खुर्चीत पुढं सरकून बसले होते, हनुवटी मुठीवर. आयुष्यभर मुक्कामी गाडी चालवलेला माणूस. किती तांड्यांवर किती संध्याकाळी काढल्या असतील, कोण मोजतो. त्यांना रिवाज माहीत होता.

धरमसिंग सुटला. त्या तांड्यात एक पोरगी होती. हूं. त्या पोरीला शिकायचं होतं. हूं. तिचं कॉलेज डोंगराच्या पलीकडे नव्हतं, राक्षसाच्या ताब्यातही नव्हतं, फक्त सकाळी भरत होतं. माणिकराव हसून हूं म्हणाले. तेवढ्यात मागून दुसरा हूं आला, जाड आणि रागीट. देवलाचा दुपट्टा मांडीवर पडला होता. आपला सांगणारा दुसऱ्याच्या हुंकाऱ्यावर चाललेला त्याला सोसवला नव्हता. त्यानंतर प्रत्येक वाक्याला दोन हूं येऊ लागले, एक पुढून, एक मागून, आणि दोघांची चढाओढ लागली. पोरगी फाट्याकडे धावते तिथं नवीन सरांनीही एक देऊन पाहिला. तो चुकीच्या जागी पडला, पण कोणी बोललं नाही.

ती पोरगी रोज धावते आणि गाडी रोज तास बुडाल्यावर येते, इथवर धरमसिंग आला.

"आमी त्या पोरीले इहिरीत लटकवून ठेवलं हाय, मॅडम," तो म्हणाला. "दोर तुमच्या हातात हाय."

मॅडमनी आपल्या हाताकडे पाहिलं. हातात खरोखर दोर होता. त्या दचकल्या आणि घंटी वाजली. टिंग.

एक घंटी. थांबा.

धरमसिंगाची जीभ पुढच्या वाक्यावर जाऊन बसली होती. मागून आणि पुढून हूं आलेही होते. त्याला मंजूचा चेहरा दिसला. आवाज न काढता ती काहीतरी म्हणत होती आणि ते काय हे त्याला पाठ होतं. बाहेर काढायचं आणि मग थांबायचं.

"आमच्या तांड्यात मुक्कामी गाडी पाह्यजे. धन्यवाद."

आणि तो थांबला. देवलानं सवयीनं एक हूं आणखी दिला. तो तसाच हवेत राहिला. धरमसिंगाच्या कपाळावर घाम आला, पण तोंड त्यानं उघडलं नाही. संपवणं हे इतकं कष्टाचं काम असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग माणिकराव प्रश्नाला आले. त्यांनी विचारलं की गाडी तांड्यात शिरेल, ते ठीक, पण वळेल कुठं.

धरमसिंगानं आधी प्रश्न म्हटला, शिकवल्याप्रमाणं. "गाडी वळन कुठी, असं म्हून राह्यले." म्हणता म्हणता तांड्याचा नकाशा त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. देवळापासून कडुनिंबापर्यंतची मोकळी जागा, आणि बरोबर मधोमध कट्टा. आतापर्यंत गाडी त्या कट्ट्याला अडेल असं तांड्यात कोणाच्याच मनात आलं नव्हतं. जागा आहे, असं सांगितलं तर खपून जाईल, हेही त्याला कळलं. इथून कडुनिंब कोणाला दिसत नव्हता.

मंजू त्याच्याकडे पाहत होती. तिच्याही डोळ्यांपुढं तोच कट्टा आलेला असावा.

"आज नाई वळत," धरमसिंग म्हणाला. "कट्टा आडवा येते."

"कोणाचा कट्टा?"

"कट्टा कोनाचा म्हून राह्यले." त्याचा हात काठीसाठी गेला, काठी नव्हती. "माहा."

"मग?"

"मंग काढतो."

हॉलमध्ये कोणी हूं म्हणालं नाही. देवलासुद्धा नाही. तो पुढं झुकून धरमसिंगाकडे असा पाहत होता, जणू गोष्टीतला राजा आता खरोखर वेडा झाला. त्या कट्ट्याच्या डाव्या कोपऱ्याला देवलाच्या बसण्यानं खळगा पडलेला होता.

सबिहा मॅडमनी घंटीची दोरी खाली ठेवली. त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो गाडीबद्दल नव्हता.

"बाबा, मग गोष्ट कुठं बसून सांगणार?"

धरमसिंगानं प्रश्न म्हटला. मग पुन्हा एकदा म्हटला. वेळ मिळाला, पण त्या वेळात काही सुचलं नाही. राजाच्या घोड्याचा रंग सांगता आला असता, शेपटीचे केस सांगता आले असते.

"माहीत नाई," तो म्हणाला.

मॅडम आणि माणिकराव एकमेकांकडे झुकले आणि थोडं कुजबुजले. गाडी बेलतांड्याला मुक्कामी राहील आणि पहाटे निघताना धामणखेडवरून जाईल, असं मॅडमनी सांगितलं. कट्टा निघाल्याचं माणिकराव स्वतः येऊन पाहणार होते. टाळी सगळ्यात आधी नवीन सरांनी वाजवली. परतीच्या गाडीत मंगरूळपीरपर्यंत धरमसिंग पुढं बसला आणि देवला मागं. मग देवलानं शेंगदाण्याची पुडी पुढं केली आणि मास्तराची सासू कशी वाटली, असं विचारलं. धरमसिंग म्हणाला, सासू बरी होती, पण मेव्हण्याची गरज नव्हती.

कट्टा दोघांनी मिळून फोडला. देवलानं आपल्या खळग्याचा दगड घरी नेऊन दारात ठेवला. सून त्याला अडखळली आणि जे बोलली ते तांडाभर ऐकू गेलं.

गाडी आली ती सोमवारी, दिवेलागणीला. पोरं फाट्यापासून तिच्यापुढं पळत आली. माणिकराव ड्रायव्हरच्या शेजारी उभे होते. देवळापुढं गाडीनं एक वळण घेतलं, मागं आली, पुन्हा पुढं गेली आणि कडुनिंबाखाली तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली, अगदी कट्टा होता त्या जागेवर. नायकानं नारळ फोडला. गोमतीबाईनं ड्रायव्हरला आणि जुनैद नावाच्या कंडक्टरला जेवायला वाढलं. माणिकरावही जेवले आणि नायकाच्या मुलाच्या मोटारसायकलवरून परत गेले.

जेवणं झाली तशी माणसं सवयीनं कडुनिंबाखाली जमली. बसायला काही नव्हतं. थोडा वेळ सगळे उभेच राहिले. मग गोमतीबाईनं गाडीच्या उघड्या दाराकडे बोट दाखवलं आणि आत चाळीसेक जणांची सोय आहे ती काय फक्त मानोऱ्याला जाणाऱ्यांसाठी का, असं विचारलं. जुनैदनं ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरनं खांदे उडवले.

तांडा गाडीत चढला. दोघांनी जुनैदकडे तिकीट मागितलं. धरमसिंग पुढं, तोंड मागं करून उभा राहिला. देवला मागच्या लांब सीटवर गेला, कारण तिथं पाय पसरता येत होते. गेल्या दिवाळीतला राजपुत्र कुठं राहिला होता ते धरमसिंगानं सगळ्यांना आठवून दिलं आणि पहिलं वाक्य टाकलं.

देवलाचा हूं मागून आला खरा, पण गाडी लांबलचक, पुढं पोचेपर्यंत तो बारीक झाला. धरमसिंग घुटमळला. जुनैद दारापाशी उभा होता. दिवसभराच्या सवयीनं त्याचा हात वरच्या दोरीला गेला.

टिंग टिंग.

धरमसिंग निघाला. प्रत्येक वाक्याला दोन घंट्या, आणि राजपुत्र पारंबीवरून वीत वीत वर. हुंकाऱ्यात भीती, लग्न आणि मूर्खपणा वेगळे कळत; घंटीत ते कळत नव्हते. पण वेग चांगला होता. राजपुत्रानं पारंबी सोडून विहिरीच्या काठाला हात घातला. टिंग टिंग. दुसरा हात घातला. टिंग टिंग. डोकं वर आलं आणि त्यानं पाहिलं, तर काठावर—

टिंग.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दोरी मंजूच्या हातात होती. केस विंचरलेले, दप्तर भरून खांद्याला लावलेलं.

"आबा, सकाळी सहाची गाडी हाय. ड्रायव्हरभाऊले झोपू द्या."

एक घंटी म्हणजे थांबा. धरमसिंग थांबला. निदान या वेळी राजपुत्र विहिरीत नव्हता, कमरेपर्यंत तरी बाहेर होता. माणसं उठू लागली, ड्रायव्हरनं सीटखालचं अंथरूण ओढलं.

मागच्या लांब सीटवर देवला केव्हाच झोपला होता. बरोबर वाक्य जिथं तुटलं होतं तिथं त्यानं झोपेतच दिला, लांब आणि अगदी जागेवर पडलेला.

"हूं."

धरमसिंगानं मंजूकडे पाहिलं. मंजूनं दोरी घट्ट धरली.